सात नोव्हेंबर : एका शाळाप्रवेशाचा दिनविशेष

१/ शाळेच्या फळ्यावर रोज लिहिला जाणारा 'दिनविशेष' बहुधा कोणाची तरी जयंती वा पुण्यतिथी असतो. ७ नोव्हेंबर या रिवाजाला अपवाद आहे. त्या दिवशी स्मरण होते ते एका मुलाच्या शाळाप्रवेशाचे. या तारखेमागचा इतिहास, आणि वर्गात तिचे काय करता येईल, याविषयी हा धागा.

२/ ७ नोव्हेंबर १९००. साताऱ्याच्या राजवाड्यातील सरकारी शाळा, म्हणजे आजचे प्रतापसिंह हायस्कूल. लष्करातून निवृत्त झालेले सुभेदार रामजी यांचा नऊ वर्षांचा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. शाळेच्या रजिस्टरमध्ये अनुक्रमांक १९१४ समोर नाव आहे : भिवा रामजी आंबेडकर.

३/ या नोंदीमागे दीर्घ झगडा होता. ४४ वर्षांपूर्वी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने प्रवेश नाकारल्यामुळे एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. न्याय मुलाच्या बाजूने आहे, हे सरकारलाही मान्य होते. तरीही एका मुलासाठी इतरांची शाळा निरुपयोगी ठरेल, असे कारण पुढे करून सरकारने हस्तक्षेप टाळला.

४/ १८५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनस्थित संचालक मंडळाने स्पष्ट केले की सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत. कागदोपत्री दार उघडले. आत आलेल्या मुलाने कोठे बसावे आणि पाणी कोणाच्या हातून प्यावे, हे मात्र रूढीच ठरवीत राहिली.

५/ साताऱ्यातील त्या दिवसांविषयी बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहिले आहे. बसण्यासाठी वेगळे गोणपाट असे. ते रोज घरून आणायचे आणि परत न्यायचे. नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिक्षकांनी परवानगी दिली तरी नळ उघडायला शिपाई लागे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच राही.

६/ १९०४ मध्ये कुटुंब मुंबईस आले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले, तेव्हा साताऱ्याच्या त्या नळाला पाव शतक लोटले होते. इतिहासाच्या पुस्तकात महाड येते. शाळेतला नळ क्वचितच येतो.

७/ ऑक्टोबर २०१७ मध्ये महाराष्ट्र शासनाने ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत साजरा करण्याचा निर्णय घेतला. वक्तृत्व, निबंध अशा स्पर्धा घ्याव्यात, असे त्यात सुचवले होते.

८/ दुसऱ्याच वर्षी पंचांग आडवे आले. ७ नोव्हेंबर २०१८ रोजी लक्ष्मीपूजन होते आणि शाळा बंद होत्या. दिवाळी चांद्रतिथीने येते, हा दिवस इंग्रजी तारखेने. त्यामुळे असा योग पुनःपुन्हा येणार. तारीख हुकली की प्रतिमापूजन, छायाचित्र आणि अहवाल एवढ्यावर कार्यक्रम उरकण्याचा मोह होतो. सुट्टीनंतरचा एखादा पूर्ण तास यासाठी राखून ठेवणे अधिक बरे.

९/ त्या तासाला साधन शाळेतच आहे : जनरल रजिस्टर. आपल्या शाळेतली पहिली नोंद कोणत्या वर्षाची? पहिली मुलगी केव्हा दाखल झाली? प्रत्येक मुलाचा स्वतःचा नोंदणी क्रमांक कोणता? आपणही अशाच एका ओळीने शाळेत आलो आहोत, हे मुलांना तेथे दिसते.

१०/ येथे एक दक्षता हवी. त्या रजिस्टरात जातीचाही रकाना असतो. जात पडताळणीसाठी जुन्या शालेय नोंदी आजही पुरावा ठरतात. त्यामुळे ते पान अनेक कुटुंबांना फार मोलाचे असते. म्हणून रजिस्टर मुलांच्या हाती देऊ नये. शिक्षकांनी वर्षे आणि क्रमांक तेवढे फळ्यावर उतरवावेत. कोणाचीही जात वर्गात वाचली जाऊ नये.

११/ यानंतर मुलांनी शाळेची फेरी मारावी आणि निरीक्षणे वहीत लिहावीत. पाणी कोठे आहे? कोणाच्या हाताला पोहोचत नाही? मागच्या बाकावर रोज कोण बसते? केर नेहमी कोण काढते? निबंधात समतेविषयी सुंदर वाक्ये लिहिता येतात. या चार प्रश्नांची उत्तरे मात्र शाळेलाच द्यावी लागतात. नऊ वर्षांच्या भिवाला ७ नोव्हेंबरला दाखला मिळाला. पाणी देणे शाळेकडून राहून गेले होते.

#इतिहास #विद्यार्थी_दिवस