चित्रपटसंवाद : शब्दनिवड आणि अर्थ

पात्रांच्या तोंडचे बोलणे कथा पुढे नेते, शिवाय बोलणाऱ्याचे गाव, जात, शिक्षण आणि वट उघडी करते. 'अयोध्येचा राजा' (१९३२) पासून सुरू झालेला मराठी बोलपट बराच काळ रंगभूमीची खणखणीत भाषा बोलत राहिला.

एका प्रश्नाने अख्खा चित्रपट तोलून धरल्याचे उदाहरण म्हणजे जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित 'सामना' (१९७४). साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटलांच्या (निळू फुले) राज्यात एक दारुडा मास्तर (श्रीराम लागू) येऊन पडतो आणि विचारत राहतो, 'मारुती कांबळेचं काय झालं?' या प्रश्नात शिवी नाही, आरोप नाही, 'खून' हा शब्दही नाही. कुणीही कुणाची करावी अशी ती साधी विचारपूस. म्हणूनच मास्तरला गप्प करायला धड निमित्त मिळत नाही. आधी ती दारुड्याची बडबड वाटते, पुढे तिची उलटतपासणी होते. शब्द मात्र तेच. 'धोंडे पाटील' आणि 'कांबळे' या आडनावांतले अंतर मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागत नाही. हा प्रश्न पुढे महाराष्ट्राच्या राजकीय बोलण्यातही रुळला.

चाळीस वर्षांनी चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) मध्ये पुन्हा एक कांबळे येतो. लोकशाहीर नारायण कांबळेच्या (वीरा साथीदार) गाण्यामुळे एका सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. म्हणजे खटलाच मुळी शब्दांच्या अर्थावर चालतो. सरकारी वकील (गीतांजली कुलकर्णी) कलमे एकसुरात वाचते, न्यायाधीश इंग्रजीत मजकूर सांगून टंकलिखित करून घेतात. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी अशा वळणांनी जाताना आरोपीचे म्हणणे विरत जाते. टाळ्याखाऊ भाषण ताम्हाणे यांनी कोणत्याच वकिलाला दिलेले नाही, हे त्यांचे शहाणपण.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चे (२०१३) शीर्षकच कैकाडी भाषेतले आहे; अर्थ डुक्कर. 'सैराट' (२०१६) मध्ये करमाळ्याकडच्या बोलीत सगळ्यांना दरडावणारी आर्ची (रिंकू राजगुरू) हैदराबादेत तेलुगूच्या गराड्यात बावरते. तिचा रुबाब घराण्याचा होता, हे तिथे कळते.

याच कथेवरचा हिंदी 'धडक' (२०१८) उदयपूरला गेला. बोली बदलली, तसा जातीचा प्रश्नही पुसट झाला आणि उरली ती बरीचशी नेहमीची प्रेमकथा.