साखरेचे आकडे: वहीतले आणि यंत्रातले

बोटाला सुई टोचावी, पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवावा आणि साखरेचा आकडा वाचावा, ही गोष्ट आज अनेक घरांत रोजची झाली आहे. पण तो आकडा घरातल्या यंत्रातून डॉक्टरांच्या संगणकापर्यंत पोहोचायला बराच काळ लागला. अडचण नुसत्या तंत्राची नव्हती, विश्वासाचीही होती.

अमेरिकेत १९६९-७०च्या सुमारास एम्स कंपनीने रक्तातील साखर मोजणारे यंत्र आणले. वजन सुमारे दीड किलो, किंमत साडेसहाशे डॉलरच्या घरात. ते डॉक्टरांसाठी आणि इस्पितळांसाठी होते. रुग्णाला विकत मिळत नसे. रिचर्ड बर्नस्टीन हे अभियंते वयाच्या बाराव्या वर्षापासून मधुमेही. त्यांनी डॉक्टर पत्नीच्या नावावर ते घेतले आणि दिवसातून अनेकदा साखर मोजून आहार व इन्सुलिन यांचा मेळ घातला. वैद्यकीय नियतकालिकांनी त्यांचे लेखन स्वीकारले नाही, तेव्हा पंचेचाळिसाव्या वर्षी ते वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले!

पुढे यंत्रे लहान झाली, घरोघरी आली आणि त्यांच्यासोबत नोंदवही आली. डॉक्टर त्या वहीवर भिस्त ठेवू लागले. १९८४ साली 'अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्णांना आकडे साठवून ठेवणारी यंत्रे दिली होती, पण आत मेमरी आहे हे त्यांना सांगितले नव्हते. वही आणि यंत्र ताडून पाहिले, तर वहीत कधीच न मोजलेले आकडे होते आणि मोजलेले काही गाळलेले होते. याला लबाडी म्हणणे सोपे आहे. पण नापास झालेला मुलगा प्रगतिपुस्तक का लपवतो? घरी बोलणी बसतील म्हणूनच ना?

ऐंशीच्या दशकात मेमरीची यंत्रे बाजारात आली आणि केबल जोडून आकडे संगणकात उतरवता येऊ लागले. १९९३ मध्ये १४४१ रुग्णांवरील अमेरिकी-कॅनडियन पाहणीने दाखवून दिले, की साखर काटेकोर आटोक्यात ठेवल्यास डोळे, मूत्रपिंड आणि मज्जातंतू यांचे विकार लांबवता येतात. आकड्यांचे मोल वाढले. मात्र कंपनीगणिक केबल वेगळी, सॉफ्टवेअर वेगळे. हा गुंता सोडवून एकच भाषा ठरवण्यासाठी २००६ साली अनेक कंपन्यांनी 'कंटिन्युआ हेल्थ अलायन्स' स्थापन केली.

पण सगळेच थांबायला तयार नव्हते. न्यूयॉर्क राज्यातील जॉन कॉस्टिक यांच्या लहानग्या मुलाच्या अंगावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी साखर मोजत असे. आकडा मात्र मुलाजवळच्या यंत्रावरच दिसे. कामावर गेलेल्या वडिलांना तो कळावा कसा? २०१३ साली त्यांनी स्वतः प्रोग्रॅम लिहून ते आकडे इंटरनेटवर पाठवले. इतर पालकांनी हातभार लावला आणि 'नाइटस्काउट' ही सर्वांना खुली प्रणाली उभी राहिली.

आता अनेक यंत्रांतून आकडे बिनतारी मोबाइलमध्ये जातात. वहीत खाडाखोड करायला वाव उरत नाही, पण बोलणी खाण्याची भीती काही यंत्राने जात नाही. म्हणून रुग्णाने वाढलेला आकडाही डॉक्टरांपुढे ठेवावा आणि डॉक्टरांनी रागावण्याआधी त्या दिवशी काय घडले, हे विचारावे.