शिक्षकाची सनद

शिक्षक होण्यास कोणती पात्रता लागावी, हा प्रश्न वरवर शासकीय परिपत्रकांचा वाटला, तरी त्याचा इतिहास सामाजिक आहे. जुन्या पंतोजीस कोणाच्या सहीशिक्क्याची गरज नव्हती. धुळपाटी आणि गावाचा विश्वास यांवर त्याची शाळा चाले. १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांसाठी प्रशिक्षणशाळांची शिफारस केली आणि प्रमाणपत्राचे महत्त्व वाढत गेले. मुंबई इलाख्यात 'व्हर्नाक्युलर फायनल' उत्तीर्ण झालेला तरुण मास्तर होऊ शके. पुढे ट्रेनिंग कॉलेजात जाऊन आला की तो 'ट्रेण्ड' म्हणविला जाई. खेड्यापाड्यांत हे बिरुद पदवीइतकेच मानाचे होते.

तथापि हे प्रमाणपत्र पोहोचले किती जणांपर्यंत? १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतांशी ब्राह्मण, त्यांत प्रशिक्षित थोडे, आणि पगार क्वचितच दहा रुपयांवर, अशी त्यांची तक्रार होती. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून निवडून प्रशिक्षित करावेत, त्यांना किमान बारा रुपये द्यावेत, आणि प्रसंगी नांगर वा सुताराचा वाकस हाती धरण्यास त्यांनी लाजू नये, असे ते सांगतात. प्रशिक्षणाची निकड जोतीरावांना पूर्ण मान्य होती. मात्र लोकांत मिसळण्याची वृत्ती हीदेखील त्यांच्या लेखी पात्रताच होती.

या म्हणण्याचे मर्म बडोद्यास प्रत्ययास आले. सयाजीराव महाराजांनी अंत्यजांसाठी शाळा काढल्या, परंतु तेथे शिकविण्यास सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. अखेर मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि १९०८ मध्ये आर्यसमाजी पंडित आत्मारामजींना पाचारण करण्यात आले. १९०६ मध्ये संस्थानभर सक्तीचे शिक्षण लागू करणाऱ्या दरबारासही ही अडचण केवळ हुकमाने दूर करता आली नाही. ज्ञान होते, नोकरी होती. उंबरा ओलांडण्याची तयारी तेवढी नव्हती.

पुढील काळात पात्रतेचे नियम देशव्यापी झाले. १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेस वैधानिक अधिकार मिळाले, तर २०१० मध्ये पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी पात्रता परीक्षा आवश्यक ठरली. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनीही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हावी, असा निर्णय दिला. वर्षानुवर्षे इतरांच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांवर स्वतःच परीक्षार्थी होण्याची वेळ आली.