मंडालेचा राजा रत्नागिरीत, रत्नागिरीचे टिळक मंडालेत

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही या जिल्ह्यातील वणीच्या एका सुपुत्राने एक ‘अर्णव’ निर्माण केला. लोकनायक बापूजी अणे यांनी लोकमान्य टिळकांचे चरित्र संस्कृत काव्यात बांधले आणि त्याला नाव दिले ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’, म्हणजे टिळकांच्या यशाचा सागर. अणे १९६८ साली निवर्तले. या ग्रंथाला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या पश्चात मिळाला. वणीत सुरू झालेला हा धागा समुद्रकाठच्या रत्नागिरीला जातो आणि तिथून थेट ब्रह्मदेशात.

रत्नागिरीला येणारा पर्यटक सहसा एका दिवसात चार ठिकाणे उरकतो: टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मघर, थिबा राजवाडा, कारागृहातील सावरकरांची कोठडी आणि पतितपावन मंदिर. उरलेला वेळ भाट्याच्या किनाऱ्याला आणि मोसम असेल तर हापूसला. या चार वास्तूंचा परस्परांशी संबंध असू शकतो, हे कोणी सांगत नाही. त्यांतल्या दोन वास्तू तर थेट एकाच धोरणातून उभ्या राहिल्या किंवा प्रसिद्धीला आल्या. ते धोरण म्हणजे नको असलेल्या माणसाला त्याच्या माणसांपासून शक्य तितके दूर नेऊन ठेवणे.

त्या काळी रत्नागिरी खरोखरच दूर होती. यवतमाळला कापूस होता, म्हणून शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच तिथे छोटी रेल्वे पोहोचली. कोकणात गिरण्यांना हवा असलेला असा कच्चा माल नव्हता. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र. पावसाळ्यात तोही बंद. कोकण रेल्वे पूर्ण झाली ती १९९८ साली. इंग्रजांना राजबंदी ठेवण्यासाठी याहून सोयीचे गाव मिळणे कठीण होते.

१८८५ च्या नोव्हेंबरात तिसऱ्या ब्रह्मी युद्धात मंडाले पडले. युद्धाचे निमित्त होते सागवान. मुंबईत नोंदलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनने जंगलातून तोडलेल्या लाकडाचा पुरेसा कर भरला नाही, असा आरोप ठेवून राजदरबाराने तिला जबर दंड ठोठावला होता. इंग्रजांनी तेच कारण पुढे केले. जेमतेम दोन आठवड्यांत कोनबाँग घराण्याचा शेवटचा राजा थिबा शरण आला. त्याला बोटीने रंगूनला, तिथून मद्रासला आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, रत्नागिरीला आणण्यात आले. बरोबर मुख्य राणी सुपयालत, तिची धाकटी बहीण व राजाची दुसरी राणी सुपयागले, लहान राजकन्या आणि थोडे सेवक.

थिबाला केवळ दुर्दैवी बळी ठरवणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. गादीवर आल्यानंतर लवकरच, १८७९ साली, त्याच्या राजवाड्यात कित्येक राजपुत्र-राजकन्यांची कत्तल झाली होती. रत्नागिरीत त्याच राजाला गावाबाहेर जायचे तर परवानगी मागावी लागे. तनखा वाढवून मिळावा म्हणून तो सरकारकडे अर्जांवर अर्ज करी आणि बरोबर आणलेले दागिने विकून खर्च भागवी.

आज ज्याला आपण थिबा राजवाडा म्हणतो, तो त्याला मिळाला तब्बल २४ वर्षांनी. तोवर हे कुटुंब गावातल्या बंगल्यांत राहिले. १९१० च्या नोव्हेंबरात राजा नव्या इमारतीत गेला. तांबडा जांभा, उतरती कौलारू छपरे, अर्धवर्तुळाकार खिडक्या, मधोमध मोठे दालन आणि सगळीकडे ब्रह्मी सागवान. ज्या लाकडापायी राज्य गेले, त्याच लाकडाच्या छताखाली राजाला ठेवले. हे कोणी मुद्दाम केले असेल असे वाटत नाही. ब्रह्मी सागवान त्या काळी मुंबई इलाख्यात सर्रास मिळत होते, इतकेच.

आता दुसरी बाजू. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक दहा वर्षांचे असताना वडिलांबरोबर पुण्याला गेले. १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारने त्यांना पाठवले ते मंडालेला, थिबाचा पिता मिंडन याने वसवलेल्या राजधानीत. तिथला तुरुंग जुन्या तटबंदीच्या आतच होता.

म्हणजे १९०८ ते १९१४ या सहा वर्षांत मंडालेचा राजा रत्नागिरीत बंदिवान होता आणि रत्नागिरीचे टिळक मंडालेत. तारखा जुळवून पाहिल्या तर हा योग अधिकच विलक्षण वाटतो. १९१० च्या ज्या हिवाळ्यात थिबाने नव्या वाड्यात बिऱ्हाड हलवले, त्याच हिवाळ्यात टिळकांनी मंडालेच्या कोठडीत पेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १९१२ साली रत्नागिरीत राणी सुपयागले वारली. त्याच वर्षी पुण्यात सत्यभामाबाई टिळक वारल्या, आणि पतीला ती बातमी ब्रह्मदेशातल्या तुरुंगात मिळाली. बिनरेल्वेचे कोकण आणि समुद्रापलीकडचे मंडाले: दोन्ही टोके साम्राज्याने एकाच कामाला लावली होती. ही युक्ती नवीही नव्हती. १८५७ च्या उठावानंतर दिल्लीच्या बहादूरशहा जफरला रंगूनला नेले होते. तो तिथेच १८६२ साली मरण पावला.

टिळक १९१४ साली सुटून आले. थिबा सुटला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये रत्नागिरीतच त्याचा अंत झाला. शव मायदेशी न्यावे, अशी सुपयालतची इच्छा होती. सरकारला ती मानवणे शक्य नव्हते; मंडालेत राजाची समाधी म्हणजे असंतोषाला आयते ठिकाण. दोन वर्षांहून अधिक काळ हा प्रश्न लोंबकळला. अखेर मार्च १९१९ मध्ये राजाला व सुपयागलेला रत्नागिरीतच समाधी देण्यात आली. त्यानंतर राणीला परत जाऊ दिले, पण मंडालेला नव्हे, रंगूनला. १९२५ साली ती तिथे वारली. नवऱ्याची समाधी कोकणात, बायकोची श्वेडगॉन पॅगोड्याजवळ.

वाड्यातील वस्तुसंग्रहालय पाहून निघालेल्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो: राजाच्या वस्तू एवढ्याच कशा? कोकणातली जुनी शिल्पे दिसतात, राजाच्या वापरातले मोजके सामान दिसते. सिंहासन कुठे, रत्ने कुठे? उत्तर असे की ती इथे कधी आलीच नाहीत. मंडालेचे सिंहासन कोलकात्याच्या वस्तुसंग्रहालयात गेले आणि राजचिन्हे लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ साली सिंहासन परत गेले. १९६४ साली राजचिन्हेही परत गेली. सुवर्णपक्ष्याच्या आकाराचे एक पात्र तेवढे ब्रह्मी सरकारने लंडनच्या त्याच संग्रहालयाला, म्हणजे आताच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टला, भेट दिले. वस्तू घरी पोहोचल्या. ज्याच्या त्या होत्या तो शिवाजीनगर भागातल्या समाधीत राहिला. या वाड्यात पाहण्यासारखे जे आहे ते म्हणजे वाडा. काचेच्या कपाटांवर फार वेळ न घालवता त्याच्या सज्जात उभे राहावे. खाली खाडी दिसते, पुढे समुद्र. बंद्याला रोज दिसत होते ते हेच.

सावरकरांची कथा अधिक परिचित आहे. अंदमानातून आणल्यावर काही काळ ते रत्नागिरीच्या कारागृहात होते आणि १९२४ पासून १९३७ पर्यंत जिल्ह्यात स्थानबद्ध. भागोजीशेठ कीर यांच्या द्रव्यसाहाय्याने १९३१ साली उभे राहिलेले पतितपावन मंदिर याच स्थानबद्धतेतले. राजकारण बंद केलेल्या माणसाने तिथे अस्पृश्यतानिवारणाचे काम हाती घेतले.

२०१२ साली एक शांत देवघेव झाली. मे महिन्यात भारताचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांगूनमध्ये, म्हणजे पूर्वीच्या रंगूनमध्ये, जफरच्या मजारीवर गेले. डिसेंबरात म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन रत्नागिरीत थिबाच्या समाधीवर आले. दोघांनीही अभिवादन केले. अवशेष मात्र जिथल्या तिथे आहेत.

राजघराण्यातली एक व्यक्ती तर स्वतःहून रत्नागिरीला परतली. राजवाड्यातल्या एका मराठी दरवानापासून थोरल्या राजकन्येला मुलगी झाली होती. १९१९ साली ती आईबरोबर ब्रह्मदेशात गेली, आणि थोड्याच काळात मुलीला घेऊन पुन्हा कोकणात आली. या वेळी तिच्यासाठी वाडा नव्हता, तनखा बेताचा होता, आणि पहारेकऱ्यांची गरजही उरली नव्हती. १९४७ साली ती रत्नागिरीतच वारली. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाची नात याच गावात मराठी बोलत वाढली, इथेच तिचे लग्न झाले आणि इथेच तिने संसार केला.