श्रमिक धर्मगुरू चळवळ

फ्रान्समधील रोमन कॅथलिक धर्मगुरूंनी कारखान्यांत व गोद्यांत प्रत्यक्ष मजुरी करून कामगारवर्गात केलेले मिशनकार्य. धर्मनिरपेक्ष समाजात मिशनकार्याची गरज आहे काय व असल्यास त्याचे स्वरूप कसे असावे, या प्रश्नाच्या दृष्टीने ही चळवळ महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून आशिया-आफ्रिकेत मोठ्या संख्येने मिशनरी गेले. परंतु त्याच काळात देशातील औद्योगिक कामगार चर्चपासून दुरावले. १९०५ च्या कायद्याने चर्च व शासन यांची फारकत झाली. तथापि या दुराव्याची मुळे मुख्यत्वे सामाजिक होती. चर्च हे धनिकांचे, ही कामगारांची समजूत दृढ झाली होती. पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल स्यूआर यांच्या प्रेरणेने १९४१ मध्ये ‘मिशन द फ्रान्स’ ही संस्था स्थापन झाली. आंरी गोदँ व ईव्हां दान्येल या धर्मगुरूंनी फ्रान्स, मिशनचा देश ? (१९४३, म. शी.) या ग्रंथात, धर्मांतरित कामगाराला मध्यमवर्गीय पॅरिशमध्ये आणण्याऐवजी त्याच्या वस्तीतच ख्रिस्ती समाज उभा राहिला पाहिजे, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी ‘मिशन द पारी’ सुरू झाले.

कारखान्यात गेलेल्या धर्मगुरूंना धर्मोपदेशाआधी वेतन, घरे व संप यांचे प्रश्न भेडसावले. अनेकजण साम्यवादी प्रभावाखालील कामगार संघटनेत सामील झाले. १९४९ मध्ये रोमने साम्यवादाच्या पुरस्कर्त्यांविरुद्ध बहिष्काराचा हुकूम काढला होता. त्यामुळे संघर्ष अटळ झाला. १९५४ मध्ये संघटनेतील पदे सोडून दिवसाला तीन तासांहून कमी श्रम करण्याचा आदेश निघाला. त्यावेळी असे धर्मगुरू सु. १०० होते. त्यांपैकी बऱ्याच जणांनी, सहकारी कामगारांचा विश्वासघात होईल म्हणून, तो मानला नाही. १९५९ मध्ये कारखान्यातील काम पूर्णपणे थांबविण्यात आले; १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या अखेरीस, त्यास पुन्हा परवानगी मिळाली.

धर्मांतरितांच्या संख्येच्या दृष्टीने चळवळीचे यश मर्यादितच होते. तथापि ख्रिस्ती देश व मिशनक्षेत्र ही जुनी भौगोलिक विभागणी तिने मोडीत काढली. धर्मनिरपेक्ष समाजात धर्मप्रसारकाला परंपरेचा वा सत्तेचा आधार नसतो. त्याला प्रथम लोकांचा विश्वास संपादावा लागतो, हे तिने दाखवून दिले. मात्र असा विश्वास मिळविताना धर्मगुरूची निष्ठा चर्चशी की सहकाऱ्यांशी, हा तिने उपस्थित केलेला प्रश्न अनिर्णितच राहिला.