चौकटींतील अक्षरें

शाळेंत गणितासाठीं चौकोनी आंखणीची वही वापरतात, ती सर्वांच्या परिचयाची आहे. प्रत्येक घरांत एकच अंक लिहावयाचा असा नियम पाळला म्हणजे एककाखालीं एकक आणि दशकाखालीं दशक आपोआप येतो व बेरीज चुकण्याचें एक कारण नाहींसें होतें. संगणकाच्या टर्मिनलाचा पडदा हा असाच एक आंखलेला कागद होय. त्यावर २४ ओळी आणि दर ओळींत ८० घरें ही मांडणी पुष्कळ काळ प्रमाण मानली गेली. ज्यांनीं हीं घरें आंखलीं त्यांनीं एक घर म्हणजे एक अक्षर ही गोष्ट गृहीत धरली होती. इंग्रजीपुरतें तें गृहीत खरेंही होतें. परंतु जपानी, चिनी, कोरियन व अखेरीस देवनागरी अक्षरें त्या घरांत उतरूं लागलीं तेव्हां याद्यांचे स्तंभ सरकले, सुबक चौकटी वेड्यावांकड्या झाल्या आणि माणसांचीं नांवें अर्धवट पुसलीं जाऊं लागलीं. हा घोटाळा कसा उत्पन्न झाला आणि तो निस्तरण्यासाठीं कोणी काय केलें, ही हकीगत श्रोत्यांस उद्बोधक वाटेल.

टर्मिनलाचे पूर्वज म्हणजे तारेवरून आलेला मजकूर कागदावर छापणारीं यंत्रें. अमेरिकेंतील टेलिटाइप कंपनीचें 'मॉडेल ३३' हें यंत्र १९६३ सालीं निघालें, आणि अक्षरांना संकेतांक देणारी 'आस्की' नांवाची प्रमाण यादीही त्याच वर्षीं प्रसिद्ध झाली. हें यंत्र कागदाच्या गुंडाळीवर एका ओळींत ७२ अक्षरें उमटवी. आस्कीच्या यादींत एकंदर १२८ जागा होत्या. त्यांपैकीं कांहीं यंत्रास हुकूम देण्याकडे व उरलेल्या अक्षरें, अंक व विरामचिन्हें यांकडे गेल्या. चौकट काढण्यास स्वतंत्र चिन्ह तींत नव्हतें. कोष्टक आंखावयाचें झाल्यास उणें चिन्हांची रांग मांडून व कोपऱ्यांत अधिक चिन्हें ठेवून काम भागवीत. दिसावयास तें ओबडधोबड असे, पण त्याचा अर्थ कोणत्याही यंत्रावर बदलत नसे.

पुढें कागदाची जागा कांचेच्या पडद्यानें घेतली. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें १९७८ सालीं 'व्हीटी १००' हें टर्मिनल विक्रीस आणलें व तें इतकें लोकप्रिय झालें कीं आजचीं टर्मिनलेंही बहुतेक त्याचीच भाषा बोलतात. या यंत्रांत अक्षरांचा एक दुसरा संच होता. ठराविक खुणेचा संदेश पाठविला कीं इंग्रजी लहान अक्षरांच्या जागीं रेषांचे तुकडे उमटत. 'क्यू' या अक्षराची आडवी रेषा होई, 'एक्स'ची उभी, आणि 'जे', 'के', 'एल', 'एम' या चार अक्षरांचे चार कोपरे होत. काम आटोपल्यावर दुसरा संदेश पाठवून मूळ संच परत आणावयाचा, अशी ही युक्ति होती. परंतु पहिला संदेश वाटेंत हरवला किंवा समोरच्या यंत्रास तो कळलाच नाहीं, तर चौकटीच्या जागीं 'एल, क्यू, क्यू, क्यू, के' अशी निरर्थक अक्षरांची रांग दिसे. उलट परतीचा संदेश चुकला तर साधा इंग्रजी मजकूर रेषांच्या जाळ्यांत बुडून जाई. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या पुष्कळांनीं हे दोन्ही प्रकार डोळ्यांनीं पाहिले आहेत.

१९८१ सालीं आयबीएम कंपनीचा घरगुती संगणक आला. त्यानें निराळा मार्ग धरला. त्याच्या अक्षरसंचांत २५६ जागा होत्या, व त्यांपैकीं १७९ ते २१८ या ४० जागा एकेरी व दुहेरी रेषांच्या तुकड्यांना कायमच्या दिल्या होत्या. संच बदलण्याची खटपटच उरली नाहीं. या योजनेंत एक बारकावा मोठा लक्षांत ठेवण्याजोगा आहे. एकरंगी पडद्याच्या कार्डावर प्रत्येक घर ९ बिंदू रुंद व १४ बिंदू उंच होतें. अक्षर मात्र ८ बिंदू रुंद असे आणि नववा बिंदू दोन अक्षरांमधील मोकळी जागा म्हणून सोडलेला असे. अक्षरांना ही मोकळीक शोभते, पण रेषा तिच्यामुळें तुटते. म्हणून यंत्रांत अशी व्यवस्था केली होती कीं १९२ ते २२३ या क्रमांकांच्या चिन्हांपुरता आठवा बिंदूच नवव्या जागीं पुन्हा उमटावा. ज्या तुकड्यांची रेषा उजवीकडे जाते ते सर्व तुकडे मुद्दाम याच पट्ट्यांत बसविले होते. रेषाचिन्ह हें शेजाऱ्याला चिकटलें तरच सार्थ होतें, ही गोष्ट त्या योजकांनीं नेमकी ओळखली होती.

युनिक्स पद्धतीच्या संगणकांपुढें अडचण वेगळी होती. त्यांना नाना कंपन्यांचीं टर्मिनलें जोडलेलीं असत व प्रत्येकाच्या खुणा निराळ्या असत. बर्कले येथें बिल जॉय यांनीं या खुणांचा एक कोश तयार केला, आणि १९८० च्या सुमारास केन अर्नोल्ड यांनीं 'कर्सेस' नांवाचा प्रोग्रॅमांचा संग्रह रचला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें केवळ 'येथें आडवी रेषा पाहिजे' इतकें सांगावें. समोरच्या टर्मिनलास ती कशी मागावयाची हें कर्सेसनें कोशांत पाहून ठरवावें, अशी ही दुभाष्याची व्यवस्था होती. त्याचबरोबर पडद्याच्या प्रत्येक घरांत काय आहे याची एक नक्कल कर्सेस स्वतःजवळ ठेवी, आणि जेवढीं घरें बदललीं असतील तेवढींच पुन्हा लिही. पुढील सर्व घोटाळ्याचें मूळ या नकलेंत आहे. कर्सेसची नक्कल आणि टर्मिनलाचा पडदा यांचें एकमत असेल तोंवर सर्व ठीक चालतें. एका घराचा जरी फरक पडला तरी त्यापुढील सबंध ओळ चुकीच्या जागीं लिहिली जाते.

आतां जपानकडे वळूं. तेथें कांजी अक्षरें हजारोंनीं मोजावीं लागतात. १९७८ सालच्या जपानी प्रमाण यादींत एकंदर ६,८०२ चिन्हें होतीं व त्यांपैकीं ६,३४९ कांजी होतीं. इंग्रजी अक्षर ८ बिंदू रुंद व १६ बिंदू उंच अशा घरांत नीट मावतें. इतक्या अरुंद जागेंत दाट रेघांचें कांजी अक्षर वाचतां येत नाहीं. तेव्हां त्याला १६ बिंदू रुंद व १६ बिंदू उंच, म्हणजे दोन घरांचा चौरस देण्यांत आला. जपानी लेखकास हा चौरस परका नव्हता. हस्तलिखितासाठीं ४०० चौकोन आंखलेला कागद तेथें पूर्वापार वापरांत आहे. ८० घरांच्या ओळींत ४० कांजी अक्षरें बसूं लागलीं. दोन घरांच्या अक्षरास 'झेन्काकू' म्हणजे पूर्ण रुंदीचें, व एका घराच्या अक्षरास 'हान्काकू' म्हणजे अर्ध्या रुंदीचें, अशीं नांवें पडलीं.

या व्यवस्थेंत एक सुखद योगायोग होता. जपानांत रूढ झालेल्या 'शिफ्ट जिस' या संकेतपद्धतींत कांजी अक्षर दोन बाइटांत सांठविलें जाई आणि पडद्यावरही तें दोनच घरें घेई. इंग्रजी अक्षराला बाइट एक व घरही एक. त्यामुळें बाइट मोजले कीं घरें मोजलीं जात. कित्येक प्रोग्रॅम याच हिशेबावर निर्वेध चालले. रेषाचिन्हांची मात्र जात बदलली. चीनच्या १९८० सालच्या यादींत ७६, जपानच्या १९८३ सालच्या सुधारलेल्या यादींत ३२ व कोरियाच्या १९८७ सालच्या यादींत ६८ रेषाचिन्हें घालण्यांत आलीं. आणि तीं कांजींच्याच पंक्तीला बसल्यामुळें दोन घरें रुंद झालीं. अमेरिकेंत जी रेषा एका घराची, तीच पूर्व आशियांत दोन घरांची ठरली.

सर्व जगाच्या लिपि एकाच यादींत आणणाऱ्या युनिकोडचा पहिला खंड १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षीं केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनीं न्यू जर्सींतील एका उपाहारगृहांत बसून, ताटाखालच्या कागदावर, 'यूटीएफ-८' ही सांठवणुकीची पद्धति आंखली. तिच्या योगें इंग्रजीसाठीं लिहिलेलीं जुनीं साधनें चालूं राहिलीं व जगाचीं अक्षरेंही त्यांतून जाऊं लागलीं. परंतु जपानी योगायोग येथें मोडला. या पद्धतींत कांजी अक्षर सामान्यतः तीन बाइटांचें व दोन घरांचें. रेषाचिन्हही तीन बाइटांचें, पण घर बहुधा एक. बाइट मोजून घरें कळण्याचा मार्ग बंद झाला. बाइटागणिक घर धरणाऱ्या जुन्या कर्सेसला एका अक्षराच्या जागीं तीन अक्षरें दिसूं लागलीं.

तेव्हां रुंदी स्वतंत्रपणें नोंदणें भाग पडलें. युनिकोडनें पूर्व आशियांतील रुंदीचें एक कोष्टक दिलें. त्यांत कोणतें अक्षर रुंद व कोणतें अरुंद हें सांगितलें आहे. पण बहुतेक रेषाचिन्हांपुढें 'संदिग्ध' असा शेरा आहे. पूर्व आशियाई मजकुरांत दोन घरें, अन्यत्र एक, असा त्याचा अर्थ. कोष्टक करणाऱ्यांना दोष देतां येत नाहीं. दोन्ही प्रघात खरे होते. प्रोग्रॅमाच्या बाजूस 'डब्ल्यूसीविड्थ' या नांवाचें एक फलन असतें. त्याला अक्षर दिलें कीं तें शून्य, एक अथवा दोन असें उत्तर देतें. केंब्रिज येथील मार्कुस कून यांनीं लिहिलेली त्याची आवृत्ति अनेक टर्मिनलांनीं उचलली, आणि संदिग्ध चिन्हें रुंद धरणारी तिची एक जोडआवृत्तिही त्यांनींच दिली. परंतु प्रोग्रॅमानें एक आवृत्ति धरली व टर्मिनलानें दुसरी, तर चौकटीच्या वरच्या रेषेची लांबी एकाच्या हिशेबीं ४० घरें व दुसऱ्याच्या हिशेबीं ८० घरें होते.

कर्सेसची 'एन्कर्सेस' नांवाची मुक्त आवृत्ति १९९३ पासून वाढत आली. तिच्या रुंदअक्षरी शाखेंत एका घराच्या नोंदींत केवळ एक बाइट न ठेवतां एक मुख्य अक्षर व त्याला जडलेलीं कांहीं चिन्हें ठेवण्याची सोय आहे. तरीही पथ्यें सांभाळावीं लागतात. कोणती भाषा व कोणती संकेतपद्धति चालूं आहे हें प्रोग्रॅमानें आरंभींच विचारून घ्यावें लागतें. रुंद अक्षर ओळीच्या शेवटच्या एकट्या घरांत घालतां येत नाहीं. त्याला पुढल्या ओळींत न्यावें लागतें. रुंद अक्षराच्या अर्ध्या भागावर दुसरें अक्षर पडलें, तर उरलेला अर्धा भाग पुसून टाकावा लागतो, कारण अर्धें कांजी म्हणजे कांहींच नव्हे. शिवाय यूटीएफ-८ चालूं असतांना कांहीं टर्मिनलें व्हीटी १०० ची संच बदलण्याची खूण मानीत नाहींत. त्यांना युनिकोडचींच रेषाचिन्हें पाठवावीं लागतात. तें न केल्यास 'एल, क्यू, क्यू, के' हीं जुनीं भुतें पुन्हा प्रकट होतात. २०१६ सालीं युनिकोडच्या नवव्या खंडानें चेहऱ्यांचीं व वस्तूंचीं पुष्कळशीं चित्रचिन्हें रुंद ठरविलीं, तेव्हां ज्यांच्याजवळ जुनें कोष्टक होतें व ज्यांच्याजवळ नवें होतें त्यांच्यांत हाच तंटा पुन्हा उभा राहिला.

आणि देवनागरीचें काय? कांजी अक्षर भारी खरें, पण तें सुटें व चौरस आहे. दोन घरें दिलीं कीं त्याचें समाधान होतें. देवनागरी अक्षर शेजाऱ्याशीं जोडाक्षर करतें, मात्रा डोक्यावर घेतें, उकार पायाशीं धरतें. देवनागरी टंकलेखनयंत्रांत वरखालच्या मात्रांसाठीं गाडा पुढें न सरकविणाऱ्या कळा असत. संगणकाच्या कोष्टकांतील शून्य रुंदीचीं चिन्हें म्हणजे तीच कल्पना. पण तेवढ्यानें भागत नाहीं. 'स्त्री' हा शब्द घ्यावा. यूटीएफ-८ मध्यें त्याचे बाइट १८ होतात, युनिकोडचे संकेतांक ६ होतात, कून यांच्या कोष्टकाप्रमाणें त्याला घरें ४ मिळतात, आणि मराठी वाचकाच्या डोळ्यांस तें एकच अक्षर दिसतें. या चार उत्तरांपैकीं एकही चुकीचें नाहीं. प्रत्येकाचा प्रश्न निराळा आहे. जें टर्मिनल एकेक घर सुटें रंगवितें त्यांत मात्र हाच शब्द हलन्तांसह विस्कटून येतो, आणि ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या चुकीच्या बाजूस जाऊन बसते.

भारतांत या प्रश्नाचा विचार फार उशिरां झाला असें नाहीं. कानपूरच्या आयआयटींत आरंभलेलें 'जिस्ट' हें काम १९८८ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या सी-डॅक संस्थेनें पुढें नेलें. संगणकांत एक कार्ड बसवावें व अक्षरजुळणीचा भार प्रोग्रॅमावर न टाकतां त्या कार्डानेंच उचलावा, हें त्यांतील तत्त्व होतें. भारतीय लिपींची 'इस्की' ही यादी १९९१ सालीं प्रमाण म्हणून मान्य झाली, आणि युनिकोडमधील देवनागरीचा क्रम त्याच यादीच्या १९८८ सालच्या रूपावरून घेतलेला आहे. संकेतांकांच्या यादींत देवनागरीला मानाची जागा मिळाली. घरांच्या कागदावर मात्र तिची सोय अद्याप अपुरीच आहे.

या सर्व इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अक्षराची रुंदी हा अक्षराचा अंगभूत गुण नसून, लिहिणारा प्रोग्रॅम व दाखविणारें टर्मिनल यांच्यामधील तो एक करार आहे. पहिला करार इंग्रजीपुरता झाला, तेव्हां इतर लिपींचें म्हणणें कोणी विचारलें नाहीं. जपानी लोकांनीं आपल्या यंत्रांवर स्वतःचा करार केला, त्याला यादी जोडली, आणि पुढें जगाला तो विचारांत घ्यावा लागला. मराठी नांव यादींत सरळ, पुरें व आपल्या स्तंभांत दिसावें ही अपेक्षा मोठी नाहीं. परंतु ती पुरी होण्यासाठीं कोणत्या अक्षराला किती घरें हवींत हें त्या लिपीच्या वाचकांनींच मोजून सांगितलें पाहिजे. कारण चौकट आंखणाऱ्यास तें आपण होऊन कधींच कळलेलें नाहीं.