न खेळण्याचे सामर्थ्य : अमेरिकी विद्यापीठांतील कृष्णवर्णीय खेळाडूंचा प्रतिकार

अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांमध्ये खेळ ही केवळ अभ्यासानंतरची करमणूक राहिली नाही, याला शंभराहून अधिक वर्षे लोटली आहेत. तेथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून, चेंडू हातात घेऊन खेळला जातो. शरद ऋतूतील शनिवारी त्याचे सामने होतात आणि अनेक विद्यापीठांच्या क्रीडांगणांत लहानसे शहर मावेल एवढी गर्दी लोटते. तिकिटे, प्रक्षेपणाचे हक्क आणि माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या यांच्या रूपाने या सामन्यांभोवती प्रचंड पैसा फिरतो. मात्र ज्यांच्यामुळे तो फिरतो त्या विद्यार्थी-खेळाडूंना दीर्घकाळ शिष्यवृत्तीपलीकडे, म्हणजे शुल्क, निवास आणि जेवण यांपलीकडे, काही देण्यास नियमांची मनाई होती. ही शिष्यवृत्ती व्यवहारात दीर्घकाळ बव्हंशी प्रशिक्षकाच्या मर्जीवर टिकत असे. त्यामुळे खेळाडू हा विद्यापीठातील सर्वांत मौल्यवान आणि त्याच वेळी सर्वांत परावलंबी विद्यार्थी ठरत असे. कृष्णवर्णीय खेळाडूंनी वर्णभेदाविरुद्ध जेव्हा जेव्हा विद्यापीठाच्या चालकांना जाब विचारला, तेव्हा या दोन गोष्टींपैकी कोणती वरचढ ठरते यावरच बहुतेक वेळा निकाल लागला. गाऱ्हाणे किती न्याय्य आहे यावर तो क्वचितच लागला.

या इतिहासाची एक सुरुवात १९४० मध्ये सापडते. त्या काळी उत्तरेकडील विद्यापीठे दक्षिणेकडील किंवा सीमावर्ती राज्यांतील संघांशी खेळताना आपल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना संघाबाहेर ठेवत असत. यजमानांच्या भावना दुखावू नयेत म्हणून पाळला जाणारा हा अलिखित समझोता ‘जेंटलमन्स ॲग्रीमेंट’ या नावाने ओळखला जाई. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संघाला त्या वर्षीच्या नोव्हेंबरात मिझुरी विद्यापीठाशी खेळण्यासाठी कोलंबिया या गावी जायचे होते आणि लेनर्ड बेट्स या कृष्णवर्णीय खेळाडूला मागे ठेवण्याचे ठरले होते. ही बातमी फुटताच सुमारे दोन हजार विद्यार्थ्यांनी निदर्शने केली, तरी बेट्सला वगळूनच संघ गेला. पुढच्या वर्षी अशाच भेदभावाविरुद्ध अर्ज फिरवल्याबद्दल विद्यापीठाने सात विद्यार्थ्यांना निलंबित केले आणि त्यांचा जाहीर गौरव करण्यास त्याच विद्यापीठाला २००१ साल उजाडावे लागले. हे आंदोलन विद्यार्थ्यांनी खेळाडूसाठी केलेले होते. खेळाडूंनी स्वतः नकार देण्याचा काळ त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी आला.

मधल्या काळात नागरी हक्कांच्या चळवळीने देश ढवळून निघाला. उत्तर आणि पश्चिमेकडील विद्यापीठांनी कृष्णवर्णीय खेळाडूंची भरती वाढवली, परंतु त्या प्रमाणात कृष्णवर्णीय विद्यार्थी, अध्यापक किंवा प्रशिक्षक घेतले नाहीत. शनिवारी ज्याच्या नावाचा जयघोष होई, त्याला सोमवारी गावात भाड्याने खोली मिळत नसे. कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट महाविद्यालयात स्वतः खेळाडू म्हणून शिकलेले आणि नंतर तेथेच समाजशास्त्र शिकवू लागलेले हॅरी एडवर्ड्स यांनी १९६७ च्या सप्टेंबरात नेमका हाच विसंवाद पकडला. घरभाड्यातील भेदभाव आणि ‘फ्रॅटर्निटी’ म्हणवणाऱ्या खासगी विद्यार्थी-मंडळांची गोऱ्यांपुरती मर्यादित दारे यांबद्दलच्या मागण्या मान्य न झाल्यास हंगामाचा पहिला फुटबॉल सामना होऊ दिला जाणार नाही, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जाहीर केले. महाविद्यालयाचे अध्यक्ष रॉबर्ट क्लार्क यांनी हिंसाचाराच्या भीतीने सामनाच रद्द केला आणि तक्रारींची दखल घेतली. राज्याचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. क्लार्क यांची बाजू येथे आवर्जून नोंदवली पाहिजे, कारण दबावाखाली का होईना, गाऱ्हाणे ऐकून घेणारे अध्यक्ष या इतिहासात फार थोडे आढळतात. एडवर्ड्स यांनी त्याच शरद ऋतूत ‘ऑलिंपिक प्रोजेक्ट फॉर ह्यूमन राइट्स’ ही संघटना उभी केली. तिच्याशी जोडलेले आणि सॅन होजेतच शिकणारे टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस हे १६ ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटीतील विजयमंचावर काळा हातमोजा चढवलेली मूठ उंचावून उभे राहिले. ते छायाचित्र जगभर गेले, पण त्यामागचा महाविद्यालयीन लढा मात्र विस्मृतीत गेला.

मेक्सिकोनंतर बरोबर एका वर्षाने वायोमिंग राज्यातील लॅरमी या डोंगराळ गावात जे घडले, त्याकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. वायोमिंग विद्यापीठाचा संघ तेव्हा वैभवाच्या शिखरावर होता. १९६७ च्या हंगामात साखळीतील सर्व सामने जिंकून त्याने शुगर बोल या मानाच्या सामन्यापर्यंत मजल मारली होती आणि १९६९ मध्येही पहिले चारही सामने जिंकले होते. पाचवा सामना १८ ऑक्टोबर रोजी ब्रिगहॅम यंग विद्यापीठाशी होता. हे विद्यापीठ मॉर्मन पंथाचे. या पंथात पुरोहितपद काही निवडक धर्मगुरूंपुरते नसते. त्या काळी बारा वर्षे पूर्ण झालेल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला त्याची पहिली पायरी मिळत असे. तरीही कृष्णवर्णीयांना ते नाकारले जात होते, म्हणजे पंथातील सर्वसाधारण पुरुषाचा दर्जाही त्यांना नव्हता. वायोमिंगमधील कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटनेने या धोरणाचा निषेध करण्याचे आवाहन केले. आदल्या वर्षीच्या सामन्यात प्रतिस्पर्ध्यांकडून वर्णवाचक शिवीगाळ सोसावी लागली होती, असे सांगणारे खेळाडूही संघात होते.

१७ ऑक्टोबरच्या सकाळी संघातील चौदाही कृष्णवर्णीय खेळाडू साध्या कपड्यांत, दंडाला काळ्या फिती बांधून, प्रशिक्षक लॉइड ईटन यांना भेटायला गेले. सामन्यात फिती लावता येतील का, किंवा निषेध नोंदवण्याचा दुसरा कोणता मार्ग मान्य होईल, एवढेच त्यांना विचारायचे होते. खेळण्यास त्यांनी नकार दिलेला नव्हता. खेळाडूंनी कोणत्याही निदर्शनात भाग घेऊ नये, असा ईटन यांचा नियम होता. त्यांनी चौदाही जणांना शेजारच्या बंदिस्त क्रीडागृहात नेऊन प्रेक्षकांच्या बाकांवर बसवले आणि म्हणणे ऐकून न घेता काही मिनिटांत सर्वांना संघातून काढून टाकले. यांपैकी जो विल्यम्स हा संघाच्या तीन कर्णधारांपैकी एक होता. त्या रात्री विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम कार्लसन, विश्वस्त आणि गव्हर्नर स्टॅन्ली हॅथवे यांची पहाटेपर्यंत खलबते चालली आणि अखेर प्रशिक्षकाचा निर्णय कायम झाला. राज्याचा गव्हर्नर आणि अख्खे विश्वस्त मंडळ रात्र जागवूनही एका प्रशिक्षकाचा शब्द फिरवू शकले नाही, यावरून त्या विद्यापीठात खरी सत्ता कोठे वसत होती हे पुरेसे स्पष्ट होते.

दुसऱ्या दिवशी केवळ गोऱ्या खेळाडूंचा संघ ४०–७ असा जिंकला. पुढच्या आठवड्यात सॅन होजेचाही पराभव झाला, पण त्या सामन्यात सॅन होजेचे खेळाडू चौदा जणांना पाठिंबा म्हणून दंडावर फिती बांधून उतरले होते. त्यानंतर मात्र वायोमिंगने हंगामातील उरलेले चारही सामने गमावले आणि १९७० मध्ये दहांपैकी एकच सामना जिंकला, तेव्हा ईटन यांना प्रशिक्षकपद सोडावे लागले. वर्णभेदाच्या प्रश्नावर अढळ राहिलेले विद्यापीठ पराभवांपुढे हलले, हे कटू असले तरी सत्य आहे.

खेळाडू न्यायालयात गेले, पण हरले. १९६९ च्याच फेब्रुवारीत देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने टिंकर खटल्यात शालेय मुलांचा युद्धविरोधी काळ्या फिती बांधण्याचा हक्क मान्य केला होता. शाळकरी मुलांना मिळालेला हा हक्क प्रौढ खेळाडूंना नाकारताना न्यायालयांनी असा युक्तिवाद स्वीकारला की राज्याच्या विद्यापीठाने धर्माच्या बाबतीत तटस्थ राहणे बंधनकारक आहे आणि त्याच्या गणवेशावर एखाद्या पंथाच्या श्रद्धेविरुद्धची खूण चालू दिल्यास त्या तटस्थतेचा भंग होईल. हा युक्तिवाद पटण्याजोगा नाही. फिती विद्यापीठाने लावलेल्या नव्हत्या, विद्यार्थ्यांनी लावलेल्या होत्या. शिवाय चौदा जणांना काढले गेले ते मैदानावरील कृतीबद्दल नव्हे, तर विचारायला येण्याबद्दल. मॉर्मन पंथाने १९७८ मध्ये ते धोरण सोडले आणि वायोमिंग विद्यापीठाने पन्नास वर्षांनंतर, २०१९ मध्ये, जाहीर माफी मागितली.

वायोमिंगपाठोपाठ न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज विद्यापीठात १९७० मध्ये नऊ कृष्णवर्णीय फुटबॉलपटूंनी वसंत ऋतूतील सरावावर बहिष्कार घातला. वृत्तपत्रांनी चुकून आठ मोजले आणि ‘सिरॅक्यूज एट’ हेच नाव रूढ झाले. त्यांच्या मागण्या अगदी रोजच्या व्यवहारातल्या होत्या : दुखापतींवर नीट उपचार व्हावेत, अभ्यासात इतर खेळाडूंइतकेच साहाय्य मिळावे, संघातील जागा गुणवत्तेवर ठरावी आणि एक कृष्णवर्णीय साहाय्यक प्रशिक्षक नेमला जावा. त्याच वर्षाअखेर विद्यापीठाच्या चौकशी समितीने खेळाडूंच्या तक्रारींमध्ये तथ्य असल्याचा निर्वाळा दिला, तरी त्यांची कारकीर्द त्याने परत आली नाही. विद्यापीठाने त्यांचा सन्मान केला तो २००६ मध्ये. या साऱ्या उठावांनंतर, १९७३ मध्ये, महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या राष्ट्रीय संस्थेने चार वर्षांची हमी असलेली शिष्यवृत्ती रद्द करून ती दर वर्षी नूतनीकरण करण्याजोगी केली. खर्च आणि शिस्त यांच्या नावाने झालेल्या या बदलाचा परिणाम असा झाला की नको असलेल्या खेळाडूला काढून टाकण्यासाठी प्रशिक्षकाला कारण देण्याचीही गरज उरली नाही. पुढची चाळीस वर्षे मैदाने बव्हंशी शांत राहिली, त्यात या नियमाचा मोठा वाटा होता.

ही शांतता मोडली ती मिझुरी विद्यापीठात, ज्याच्याशी खेळण्यासाठी बेट्सला नेण्यात आले नव्हते त्याच ठिकाणी. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाने लॉइड गेन्स या कृष्णवर्णीय पदवीधराला विधी महाविद्यालयात प्रवेश नाकारला होता. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गेन्सच्या बाजूने निकाल दिला, पण दुसऱ्याच वर्षी तो बेपत्ता झाला आणि कधीच सापडला नाही. विद्यापीठाची दारे कृष्णवर्णीयांना उघडली ती १९५० मध्ये. २०१५ च्या शरद ऋतूत वर्णवाचक शिवीगाळीच्या घटना एकामागून एक घडू लागल्या, तेव्हा आंदोलक विद्यार्थ्यांनी आपल्या गटाला ‘कन्सर्न्ड स्टुडंट १९५०’ हे नाव दिले. माजी विद्यार्थ्यांच्या स्वागतासाठी निघणाऱ्या मिरवणुकीत, १० ऑक्टोबर रोजी, त्यांनी विद्यापीठ समूहाचे अध्यक्ष टिम वुल्फ यांची मोटार अडवून संस्थेतील वर्णभेदाचा इतिहास वर्षांनिशी मोठ्याने सांगितला. वुल्फ मोटारीतून उतरले नाहीत. काही दिवसांनी गटाने मागण्यांची यादी सादर केली, त्यात वुल्फ यांना हटवण्याबरोबरच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने १९६९ मध्ये मांडलेल्या मागण्या पूर्ण कराव्यात, अशीही एक मागणी होती.

२ नोव्हेंबरला जोनाथन बटलर या पदव्युत्तर विद्यार्थ्याने वुल्फ यांच्या राजीनाम्यासाठी उपोषण सुरू केले आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू ठोकले. काही फुटबॉलपटू तेथे जाऊन त्याला भेटले. ७ नोव्हेंबरच्या रात्री संघातील सुमारे तीस कृष्णवर्णीय खेळाडूंनी बटलरसोबत हातात हात गुंफलेले छायाचित्र प्रसृत केले आणि वुल्फ जाईपर्यंत सराव व सामने बंद असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक गॅरी पिंकेल यांनी संपूर्ण संघाचे, गोऱ्या खेळाडूंसह, छायाचित्र प्रसिद्ध करून पाठिंबा दिला. पुढच्या शनिवारी कॅन्सस सिटीत होणारा सामना रद्द झाल्यास करारानुसार दहा लाख डॉलर भरावे लागणार होते, आणि प्रतिस्पर्धी पुन्हा ब्रिगहॅम यंग विद्यापीठच होते. ९ नोव्हेंबरला सकाळी वुल्फ यांनी राजीनामा दिला, तर कोलंबिया येथील कुलपती बोवेन लॉफ्टिन यांनी त्याच दिवशी पद सोडणार असल्याचे सांगितले.

हे यश केवळ खेळाडूंचे होते असे मानणे चुकीचे ठरेल. लॉफ्टिन यांच्याविरुद्ध अधिष्ठाते उभे राहिले होते, पदव्युत्तर विद्यार्थी आरोग्यविम्याचे साहाय्य काढून घेतल्यामुळे उन्हाळ्यापासून संतप्त होते, आणि उपोषण आठव्या दिवसात गेले होते. तरीही आठवडाभराचे उपोषण जे करू शकले नाही ते दीड दिवसाच्या बहिष्काराने झाले, हे नाकारता येत नाही. वायोमिंगशी तुलना केल्यास सर्वांत मोठा फरक प्रशिक्षकाच्या भूमिकेत दिसतो. पिंकेल यांच्या निष्ठेचे मोल कमी नाही. पण त्यातून हेही उघड होते की खेळाडूंचा हक्क २०१५ मध्येसुद्धा एका माणसाच्या चांगुलपणावर अवलंबून होता. डिसेंबरात मिझुरीच्या विधिमंडळात आरोग्याव्यतिरिक्त अन्य कारणासाठी खेळण्यास नकार देणाऱ्या खेळाडूची शिष्यवृत्ती काढून घेणारे विधेयक मांडले गेले. टीका होताच ते काही दिवसांत मागे घेतले गेले, पण रोष ओसरला नाही. दोन वर्षांत नव्याने प्रवेश घेणाऱ्यांची संख्या एक तृतीयांशाहून अधिक घटली. वुल्फ यांच्या जागी हंगामी अध्यक्ष म्हणून आलेले मायकेल मिडलटन हे याच विद्यापीठात शिकलेले आणि १९६० च्या दशकाअखेर तेथील कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना उभारणाऱ्यांपैकी एक होते. १९६९ च्या मागण्या त्यांच्या पिढीने केलेल्या होत्या.

२०२० च्या उन्हाळ्यात, जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या पोलिसाकडून झालेल्या हत्येनंतर, टेक्सास विद्यापीठाच्या खेळाडूंनी मागण्या मान्य होईपर्यंत नव्या खेळाडूंच्या भरतीत आणि देणगीदारांच्या कार्यक्रमांत भाग घेणार नसल्याचे जाहीर केले. विद्यापीठाने एका इमारतीचे नाव बदलले, फुटबॉलच्या मैदानाला अर्ल कॅम्पबेल आणि रिकी विल्यम्स या कृष्णवर्णीय खेळाडूंची नावे दिली आणि ज्युलियस व्हिटियर या तेथील मुख्य संघाचे मानचिन्ह मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय फुटबॉलपटूचा पुतळा उभारला. गोऱ्या नटांनी तोंडे काळी करून केलेल्या प्रयोगांत सुरुवातीला गायले गेलेले ‘द आइज ऑफ टेक्सास’ हे विद्यापीठगीत मात्र कायम ठेवले. दुसऱ्या वर्षी वृत्तपत्रांतून उघड झाले की गीत बदलल्यास देणग्या बंद करू, असे कित्येक धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी अध्यक्षांना लिहून कळवले होते. पैसा अडवून विद्यापीठाला वाकवण्याचे जे तंत्र खेळाडूंनी वापरले, ते या देणगीदारांना आधीपासूनच अवगत होते, आणि खेळाडूंच्या शिष्यवृत्तीसारखी त्यांची दोरी कोणाच्याही हाती नव्हती.